जीन घर, जीन तख्त

बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीदवाक्य मी कित्येक वर्षं चुकीचं समजत होतो. 'जिन घर जिन तख्त'. मला ते हिंदी वाटायचं. ज्यांचं घर त्यांचंच तख्त, असं काहीतरी. घराणेशाहीची जाहिरातच म्हणा ना! फार उशिरा कळलं की हे 'जिन' म्हणजे घोड्यावरचं जीन, खोगीर. खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन. जीन आणि तख्त दोन्ही फारसी, मधे आपलं साधं 'घर'. संस्कृतचा पत्ताच नाही. छावणीत कुणी सहज बोलून जावं तसं वाक्य, म्हणून मला भयंकर आवडतं.

पिलाजीरावांना ते शोभतं. गुजरातेत मुलूखगिरी केलेला माणूस, 1732 साली डाकोरला मारला गेला. 1734 मध्ये दमाजीरावांनी बडोदं घेतलं आणि मग खोगीर हळूहळू उतरलं. 1802 मध्ये इंग्रजांची तैनाती फौज आली. 1875 मध्ये तर त्यांनी मल्हाररावांना सरळ गादीवरून काढून मद्रासला पाठवलं, आणि नाशिककडच्या कवळाण्याचा, अक्षरओळखही नसलेला बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला. तेच सयाजीराव.

1 जानेवारी 1877 च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना निशाणं वाटली. त्यावरची राजचिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या एका मुलकी अधिकाऱ्याने आखलेली! ढाल, खाली फीत, फितीवर ब्रीद हा सगळा थाट युरोपातला. तेरा वर्षांचे सयाजीरावही त्या दरबारात होते. पुढे 1890 मध्ये लक्ष्मी विलास राजवाडा पुरा झाला. खोगीर हेच घर म्हणणाऱ्यांचा हा राजवाडा! आधी मला याचं हसू यायचं. पण ब्रीदं बहुधा पणजोबांच्या मापाची असतात, अंगरखा नातवाला ढगळच होणार.

सयाजीरावांनी ते ब्रीद बदललं नाही. काम मात्र त्यात न बसणारं केलं. 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये ते मोफत करून सबंध संस्थानात नेलं. मुलींनासुद्धा. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश मुलखासाठी तसंच विधेयक मांडलं, तेव्हा दाखला बडोद्याचा दिला. पुढच्या वर्षी ते विधेयक फेटाळलं गेलं. बडोद्यातल्या शाळा मात्र चालूच होत्या.