खरे की कल्चरचे?

घरात मोत्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "खरे आहेत की कल्चरचे?" नथ असो, तन्मणी असो की चिंचपेटी, आजीकडून आलेली असेल तर "खरी", आणि दुकानातून आणलेली असेल तर आपला आवाज जरा खाली येतो. मला हा प्रश्नच मुळात चुकीचा वाटतो. का, ते सांगते.

स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही आपली जुनी लाडकी कल्पना. वाळूचा कण ही शाळेतली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एखादा परजीवी शिंपल्यातल्या जीवाला पोखरतो किंवा त्याच्या अंगाला इजा होते. कवच बनवणाऱ्या काही पेशी आत ढकलल्या जातात आणि तिथे चकाकत्या द्रव्याचे थरावर थर चढत जातात, कांद्यासारखे. कल्चर मोत्यात माणूस या अपघाताची फक्त सुरुवात करून देतो. दुसऱ्या शिंपल्यातल्या जीवाच्या ऊतीचा बारीक तुकडा, आणि त्याच्यासोबत शिंपल्याचाच घासून गोल केलेला मणी आत ठेवायचा. पुढचं काम तो जीवच करतो. गोड्या पाण्यातल्या चिनी मोत्यांत तर बहुधा तो मणीही नसतो. म्हणजे वरचं पाणी दोन्हीकडे अस्सलच! खोटा मोती म्हणजे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्याला लेप दिलेला.

जपानच्या कोकिची मिकिमोतोने 1893 मध्ये अर्धगोल मोती पिकवून दाखवला. पूर्ण गोल मोत्याची पद्धत मिसे आणि निशिकावा या दोघांच्या नावाने ओळखली जाते. 1921 मध्ये हे गोल मोती लंडनच्या बाजारात स्वस्त दराने आले आणि एकच गहजब उडाला. ही फसवणूक आहे म्हणून पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, प्रकरण कोर्टात गेलं. त्यांची घाबरगुंडी समजण्यासारखी होती. 1917 मध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची हवेली मिळवली, ती मोत्यांचा एक दुपदरी हार आणि वर 100 डॉलर देऊन. हाराची किंमत तेव्हा 10 लाख डॉलर धरली होती. तोच हार 1957 च्या लिलावात दीड लाखाच्या आसपास गेला.

पण खरा फटका बसला तो आखातात. आपण ज्यांना बसरा मोती म्हणतो ते बसऱ्याचे नव्हेत. बसरा हे व्यापाराचं बंदर, मोती मुख्यतः बहारीन, कतार, कुवेतकडच्या समुद्रातले. तिथून ते मुंबईला यायचे. इथे त्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची, सर ओवले जायचे आणि मग ते युरोपला जायचे. आखातात तेव्हा नाणंही आपल्या रुपयाचंच चालायचं.

आणि ते मोती काढायचं कोण? भर उन्हाळ्यात महिनोन्‌महिने समुद्रावर राहणारे पाणबुडे. नाकाला चिमटा, पायाला दगड, आणि एका श्वासात तळ गाठायचा. हंगामाआधी नाखुद्याकडून उचल घ्यायची (आपल्या कोळ्यांचा नाखवा तो हाच शब्द), ती क्वचितच फिटायची. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचं. 1929 ची जागतिक मंदी आणि जपानी मोती हे दोन्ही एकदमच आले आणि हा धंदा कोसळला. 1932 मध्ये बहारीनमध्ये तेल सापडलं, नाहीतर त्या लोकांचं काय झालं असतं कोण जाणे.

म्हणून "नैसर्गिक" या शब्दाने मी फार हरखून जात नाही. तो मोती निसर्गाने घडवला हे खरंच, पण तो आपल्या गळ्यापर्यंत आला तो कर्जात बुडालेल्या माणसाच्या श्वासावर.

मग फरक काहीच नाही का? आहे, आणि तो पोटात आहे. दातावर घासून जो खरखरीतपणा कळतो त्याने फक्त काचेचा मणी ओळखू येतो. नैसर्गिक आणि कल्चर दोन्ही खरखरीतच लागतात. खात्रीसाठी प्रयोगशाळेत एक्स-रे काढावा लागतो. किंमत असते ती दुर्मिळतेची. पोटात काय आहे हे विकणाऱ्याने सांगितलं तर कल्चर मोत्यात लाजण्यासारखं काही नाही. लपवलं, तर मात्र ती फसवणूक.

जाता जाता एक गोष्ट. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी 1865 च्या सुमारास बसरा मोत्यांचा एक गालिचा बनवून घेतला होता. त्यात दहा लाखांहून जास्त मोती आहेत. 2009 मध्ये दोह्याच्या लिलावात तो सुमारे 55 लाख डॉलरला गेला, आणि आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या समुद्रातून मोती निघाले त्याच्याच काठावर ते परत पोचले! राजाचं नाव आपल्याला माहीत आहे. बुड्या मारणाऱ्यांपैकी एकाचंही नाही.

असो. पुढच्या वेळी मोती घ्याल तेव्हा बिलावर "नैसर्गिक" की "कल्चर" हे स्पष्ट लिहून घ्या. आणि कल्चरचे असतील तर आवाज खाली न आणता सांगा.