आईच्या दुधावरचा आळ

कर्करोगाचे नाव घरात मोठ्याने घेऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यातून स्तनाचा कर्करोग म्हटला की बोलायचीच सोय नाही! एखादीला हा रोग झाला की लोक तिच्या मुलीकडे शंकेने पाहू लागतात, आणि ‘आईच्या दुधातूनच येणार’ असे कोणीतरी हलकेच बोलून जाते. हळदीकुंकवाच्या बैठकीतही हे बोलणे माझ्या कानांवर आले आहे. म्हणून या शंकेचा इतिहास आपल्या स्मरणिकेतून भगिनींपुढे ठेवीत आहे.

शंकेला मूळ मुळीच नव्हते असे नाही. अमेरिकेतील बार हार्बर या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे उंदरांची निरनिराळी घराणी पाळलेली होती. एका घराण्यातील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, तर दुसऱ्यात तो क्वचितच आढळे. जॉन बिटनर यांनी रोगी घराण्यातील पिल्ले जन्मताच आईपासून दूर करून निरोगी घराण्यातील मादीच्या अंगावर पाजली. मोठेपणी त्यांच्यापैकी फार थोड्यांना रोग झाला. हा प्रयोग १९३६ साली प्रसिद्ध झाला. दुधातून जाणाऱ्या त्या वस्तूला प्रथम नुसते ‘दुधातील घटक’ म्हणत; तो विषाणू आहे, हे पुढे सिद्ध झाले.

हाच प्रश्न आपल्या मुंबईतही अभ्यासला गेला. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे काचपात्रात पेशी वाढविण्याची विद्या शिकून त्या परत आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांवर वर्षानुवर्षे संशोधन करीत राहिल्या. अनुवंश, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध शोधणे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मुंबईतील पारशी भगिनींत या रोगाचे प्रमाण अधिक दिसे. तेव्हा त्यांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले. डॅन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा निबंध १९७१ साली ‘नेचर’ नियतकालिकात आला. त्या सहकाऱ्यांत मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट याही होत्या. काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे कण दिसले होते. झाले! उंदरीवरचा आळ बाईवर आला. परंतु दिसण्यातले साम्य म्हणजे पुरावा नव्हे. रोगी आईचे दूध प्यायलेल्या मुलींना हा रोग अधिक होतो, असे पुढच्या पाहण्यांत आढळले नाही.

मग उंदरांत तरी हा विषाणू पोटातून स्तनापर्यंत पोहोचतो कसा? याचे उत्तर १९९१ साली हाती आले. डेन्व्हर येथील डॉ. फिलिपा मॅरॅक व त्यांचे पती जॉन कॅप्लर, तसेच इतरही संशोधक या शोधात होते. आपल्या शरीरातील रक्षक पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. एरवी शत्रू दिसला तर हजारोंतून एखादीच पेशी त्याला ओळखून जागी होते. हा विषाणू मात्र पिल्लाच्या आतड्याजवळच्या रक्षक पेशींत शिरून असा एक पदार्थ बनवितो की, पहारेकऱ्यांचा मोठा जथा एकदम खडबडून उठतो. त्यांच्या निरोपांमुळे विषाणू ज्यांत लपलेला असतो, त्याच पेशींची संख्या वाढते; आणि त्यांच्याबरोबर तो स्तनापर्यंत जातो. चोराने खोटी शिट्टी वाजवावी आणि पहारेकऱ्यांनीच त्याला आत पोहोचवावे, तसा हा प्रकार! त्या हाकेला धावणाऱ्या पेशीच ज्या उंदरांत नसतात, ती या विषाणूपासून बचावतात, हेही १९९२ साली दिसून आले.

मला या इतिहासात महत्त्वाचे वाटते ते हे, की उंदरीच्या बाबतीतसुद्धा नुसत्या दुधाने रोग होत नाही. विषाणू हवा, फसणाऱ्या रक्षक पेशी हव्यात, संप्रेरकेही हवीत. स्त्रियांच्या बाबतीत तर असा दुधातून जाणारा विषाणू सिद्धच झालेला नाही. उलट २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये तीस देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईला हा रोग होण्याचा संभव सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले.

काही घराण्यांत या रोगाचा धोका अनुवंशाने येतो, हे खरे. पण तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येऊ शकतो. तेव्हा आईला दोष देणे सोडावे. लेकीला बाळ झाले तर तिला निःशंक मनाने पाजू द्यावे. आणि स्तनात गाठ लागली, तर ती दुखत नाही म्हणून पदराआड लपवू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी. लाजेपायी गेलेले दिवस कोणतेही औषध परत आणून देत नाही.