अंगणवाडी सेविका (बुलढाणा जिल्हा)

अंगणवाडी सेविका : सहा वर्षांखालील मुलांच्या आहाराची व वाढीची देखरेख आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण सांभाळणारी मानधनी कार्यकर्ती. गावात तिला ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात, सरकारी कागदावर ती ‘सेविका’ असते. शिकवणारीला शिक्षिका न मानणे हा या पेशाचा मूळ प्रश्न आहे. तो बुलढाण्यापुरता नाही.

अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक यांची. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, आणि माती, बिया, शिंपले, पाने हेच शिकवण्याचे साहित्य व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातील सुरुवात मेळघाटात, धारणीला झाली. योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले, पण पुढे तिची ओळख शिक्षणापेक्षा खिचडीने आणि वजनकाट्यानेच जास्त होत गेली.

जिल्ह्यात 13 तालुके असले तरी सगळीकडची अंगणवाडी सारखी नाही. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलणारी कुटुंबे आहेत. जगातल्या कोणत्याच भाषाकुळाशी निहालीचे नाते निर्विवाद जोडता आलेले नाही. त्या घरातले तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत येते तेव्हा बाईंचे मराठी बडबडगीत त्याला परके असते. बाई आधी वस्तू हातात देतात, मग तिचे नाव सांगतात. मूल आपल्या बोलीतले नाव सांगते आणि त्या ते पुन्हा म्हणतात. भाषाशिक्षणातले हे कसबी काम आहे. त्याचा रकाना कोणत्याही रजिस्टरात नाही.

खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. संग्रामपूर, शेगाव, नांदुरा भागातल्या विहिरी-बोअरचे पाणी खारे. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून गोडे पाणी कुठून आणायचे हा सेविकेच्या हाताखालच्या मदतनिसेच्या दिवसाचा पहिला विचार. कापूस वेचणीच्या दिवसांत आया पहाटेच शेतात जातात. मग धाकटे भावंड कडेवर घेऊन थोरले अंगणवाडीत येते आणि दोघांनाही सांभाळावे लागते.

याच्या जोडीला गृहभेटी, घरपोच आहार (टीएचआर), लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणे असतात. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे मोबाइलवर माहिती भरण्याचे ॲप आले. निकृष्ट मोबाइल आणि मराठीची गैरसोय यांमुळे त्या वर्षी राज्यातील सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. शिकवण्याचा वेळ माहिती भरण्यात जातो, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

मानधन 2023 मध्ये सेविकेसाठी 8,325 वरून 10,000 रुपये आणि मदतनिसेसाठी 4,425 वरून 5,500 रुपये झाले. तरीही त्याच वर्षी 4 डिसेंबरपासून राज्यभर बेमुदत संप झाला. पुढे रक्कम आणखी वाढली, पण वेतनश्रेणी आली नाही.

हक्काच्या लढाईत दोन निकाल महत्त्वाचे. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कर्नाटकातील खटल्यात, सेविकांची पदे नागरी सेवेतील पदे नाहीत असे ठरवले. 25 एप्रिल 2022 रोजी न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या पीठाने सेविका व मदतनिसांना 1972 च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी द्यावी असे सांगितले. तीन ते सहा वयाच्या मुलांची पूर्वप्राथमिक शाळा चालवणे हे शैक्षणिक कार्य आहे, हे या निकालाने मानले.

जगभर या पेशाचे दुखणे ओळखीचे वाटते. जर्मनीत बालवाडी शिक्षिकांनी 2015 मध्ये, आपल्या कामाची वेतनश्रेणी वरची ठरावी म्हणून, सुमारे चार आठवडे संप केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना सन्मान्य काम मिळावे यासाठी 2013 मध्ये तज्ज्ञांच्या बैठकीत मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. नोव्हेंबर 2022 मध्ये युनेस्कोच्या ताश्कंद परिषदेतही याच कर्मचाऱ्यांचा दर्जा चर्चेत होता. फिनलंडने मात्र 1995 पासून बालवाडी शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठात नेले. मूल लहान म्हणून काम हलके, ही समजूत तिथे धोरणानेच बाजूला सारली.

भारताच्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा म्हणून एकत्र बांधला आहे. या टप्प्यातली पहिली-दुसरी शिकवणारे जिल्हा परिषदेचे शिक्षक वेतनश्रेणीवर आहेत. आधीची तीन वर्षे शिकवणारी सेविका मानधनावर आहे.