जानोजीच्या बाजूने वाचताना

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि थोरल्या माधवरावांसाठी मराठी वाचकांचे डोळे पाणावले. आमच्या तिगावात माझेही पाणावले. पण इथे बसून वाचताना त्या कादंबरीतला एक माणूस आमचा निघतो, आणि तो नायकाच्या समोरच्या बाजूला उभा असतो.

तिगाव हे पांढुर्ण्याच्या पुढचं रेल्वे स्टेशन. इथून गाडी घाट चढून मुलताईच्या पठाराला लागते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं. आम्ही छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींचा वेगळा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत, आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टींतला राजा नागपूरचा भोसला.

आमच्या घरातल्या आबाजींची नजर अधू झाली तेव्हा मी त्यांना ‘स्वामी’ वाचून दाखवत असे. माधवरावांचं दुखणं, रमाबाईंची घालमेल ऐकताना त्यांचाही कंठ दाटून यायचा. जानोजी भोसल्याचं नाव आलं की मात्र ते बाजेवर उठून बसत. “थांब माय. त्यानं दगा देल्ला, हे खरं हाय. पण त्याच्यापायी नागपूर जाळलं, तेथं का मान्सं नव्हती?”

इतिहास दोन्ही गोष्टींची साक्ष देतो. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं तेव्हा जानोजी त्याच्या गोटात होता आणि राक्षसभुवनच्या लढाईआधी तो पुन्हा पेशव्यांना मिळाला. पुढे पेशवे आणि निजाम एक होऊन नागपूरवर चालून आले. १७६९ मध्ये कनकापूरचा तह होऊन हे वैर थांबलं. पुण्याहून पाहिलं तर ही राज्य सावरणाऱ्या तरुण पेशव्याची मोहीम. आबाजींच्या गोष्टीत त्याच फौजेची चाहूल लागली की बायका दाणे पेवात लपवतात आणि गुराखी गुरं जंगलात हाकतात. माधवरावांवरची माझी माया त्यामुळे आटली नाही. मात्र मोहीम निघाली असं वाचलं की वाटेत कोणाची शेतं होती, हा प्रश्न तेव्हापासून मनात येतोच.

ना. सं. इनामदारांच्या ‘मंत्रावेगळा’ने मला वेगळं बळ दिलं. ज्या दुसऱ्या बाजीरावाला पळपुटा म्हणून मोडीत काढलं होतं, त्याच्या मनात शिरण्याची हिंमत या लेखकाने केली. मग मला आमचे नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले आठवले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि २६-२७ नोव्हेंबरला नागपुरात सीताबर्डीची. इंग्रजांनी अप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे पाठवलं. मे १८१८ मध्ये ते शिपायाच्या वेशात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. हर्रईच्या चैनशहा या गोंड जमीनदाराने आणि इतर गोंडांनी त्यांना आसरा दिला. त्यांच्या बाजूच्या अरबांनी मुलताई घेतली; जुलैमध्ये बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली. पुढे अशीरगड, लाहोर आणि शेवटी जोधपूर. तिथेच १८४० मध्ये त्यांचा अंत झाला.

आबाजी सांगत ते एवढंच: एका रात्री घाटाखालच्या मळ्यात एक स्वार आला, म्हातारीने त्याला भाकर दिली, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई विचारत आले तेव्हा ती म्हणाली, “कोनीच नाही आलं.” तो स्वार राजाच होता, असं आबाजींनीही कधी छातीठोकपणे म्हटलं नाही. तरी ही गोष्ट घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण तिच्यातली मोठी व्यक्ती ती म्हातारी आहे. अनोळखी माणसाला खाऊ घालून तोंड मिटून राहण्यात जिवाचा धोका होता, आणि तिने तो पत्करला.

देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. पुरावा किती काटेकोरपणे तपासावा, हे मी तिच्यातून शिकले. त्या कसोटीवर म्हातारीची भाकर इतिहास ठरत नाही. कादंबरीत मात्र तिला हक्काची जागा आहे. लढायांच्या तारखा दप्तरातून घ्याव्यात. त्या रात्रीची भीती आणि भूक अशा घरांतून घ्यावी.

अप्पासाहेबांवरची कादंबरी मला वाचायची आहे ती अशी: नागपूरच्या वाड्यातून बाहेर पडून हर्रईच्या गोंडांकडे, मुलताईच्या अरबांकडे आणि घाटाखालच्या मळ्यांकडे जाणारी. तिच्यासाठी लागणारा अर्धा ऐवज आजही पांढुर्णा-सौंसरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी आहे. कादंबरीकार येईल तेव्हा येईल. नातवंडांनी आजच वही घेऊन त्यांच्यापाशी बसावं आणि कोणी काय सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवावं.