१२९ ढालकिडे

कुंडीत खवले कीड दिसली की आपला हात आधी फवाऱ्याकडे जातो. माझाही जायचा, ही गोष्ट कळेपर्यंत.

१८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाहून बाभूळकुळातल्या रोपांवर बसून एक पांढरी, कापसासारखी खवले कीड कॅलिफोर्नियात पोचली. वीस वर्षांत तिने संत्र्याच्या बागांची पार वाट लावली. फवारण्या झाल्या, झाडांवर तंबू टाकून विषारी वायू सोडून झाला. सरकारी कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायलीचा प्रश्न साधा होता: ऑस्ट्रेलियात हिचा एवढा त्रास का नाही? म्हणजे तिथे हिला खाणारं कोणीतरी असणार!

पण कीटकतज्ज्ञांना सरकारी खर्चाने परदेशी जायला बंदी. मग १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेलीला मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने पाठवलं. (जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही.) त्याने धाडलेल्या पहिल्या तीन खेपांतले १२९ ढालकिडे लॉस एंजेलिसमध्ये तंबू घातलेल्या एका संत्र्याच्या झाडावर सोडले. दीडेक वर्षात बागा सावरल्या.

१९४० च्या दशकात डीडीटी आलं. ढालकिडे मेले, आणि काही बागांत तीच पांढरी कीड परत हजर!

माझा फवारा सध्या माळ्यावर आहे. कढीपत्त्यावरचे खवले जुन्या टूथब्रशने काढतोय.