चिमुकला अष्टपाद आणि पाणबुडे

समुद्रांत बुडी मारणाऱ्या पाणबुड्याला भय कोणाचें, असें विचारलें तर आपण बहुतेक शार्क माशाचेंच नांव घेऊं. परंतु तळहातावर मावणाऱ्या एका प्राण्यानें धडधाकट तरुणाचा प्राण सुमारें दोन तासांत घेतल्याची नोंद इतिहासांत आहे. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सन १९५४ च्या सप्टेंबर महिन्यांत ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहरानजीक दोन मित्र बुड्या मारून भाल्यानें मासे मारीत होते. त्यांना एक चिमुकला अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, सांपडला. असल्या लहान प्राण्यापासून अपाय होईल, ही शंकाही त्यांना आली नाहीं. एकानें तो हातावर खेळविला व दुसऱ्याच्या अंगावर सोडला. मानेपाशीं त्यानें केलेला दंश इतका सूक्ष्म होता कीं, तो प्रथम ध्यानांतही आला नाहीं. थोड्याच वेळांत त्या तरुणाच्या तोंडाला कोरड पडली, श्वास अडूं लागला व हातपाय लुळे पडले. इस्पितळांत नेल्यावर तो मरण पावला.

या प्राण्याच्या लाळेंत विष असतें. तें कोणतें, याचा उलगडा १९७८ सालीं झाला. जपानी लोक ज्या विषारी फुगू माशास फार जपून रांधतात, त्याच्या अंगांतील टेट्रोडोटॉक्झिन तेंच हें विष होय. जपानी शास्त्रज्ञ ताहारा यांनीं त्याचें नामकरण १९०९ सालींच केलें होतें. तें मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत पोहोंचूं देत नाहीं. म्हणून छाती हलेनाशी होते. रोग्याची शुद्ध मात्र पुष्कळदां कायम असते! सर्व कांहीं ऐकूं येतें, परंतु बोट हलवितां येत नाहीं. यावर उतारा अद्याप उपलब्ध नाहीं. तथापि कृत्रिम श्वासोच्छ्वास वेळेवर सुरू करून विषाचा अंमल ओसरेपर्यंत अखंड चालू ठेविल्यास मनुष्य वांचतो. निश्चल देह पाहून आशा सोडूं नये, हा यांतील मोठा धडा.

मग या प्राण्यास हल्लेखोर म्हणावें काय? एरवीं तो फिकट पिंवळसर रंगाचा असून खडकांच्या कपारींत लपून राहतो. त्यास डिवचलें म्हणजे अंगावरील निळीं वलयें एकदम झळकूं लागतात. ती त्याची धोक्याची सूचना होय. माणसाचा पाठलाग तो करीत नाहीं. माणूसच त्यास उचलून घेतो. आकार लहान म्हणून सामर्थ्यही लहान, हा आपला समज समुद्रांत चालत नाहीं.