देवमाशाचे कूळ

देवमासा सस्तन का, असे विचारले की शाळेत पाठ केलेले उत्तर येते: तो पिलांना दूध पाजतो, फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते. यावर एक चतुर आक्षेप नेहमी ऐकू येतो. शास्त्रज्ञांनी दुधाला महत्त्व दिले म्हणून तो सस्तन. परांना दिले असते तर मासा. वर्गीकरण म्हणजे शेवटी माणसाची सोय! १८१८ साली न्यूयॉर्कच्या एका ज्यूरीने सोयीचाच कौल दिला. माशांच्या तेलाची तपासणी सक्तीची होती. देवमाशाचे तेल त्यात धरायचे का, हा वाद. निसर्गशास्त्रज्ञ सॅम्युएल मिचिल यांनी देवमासा मासा नाही अशी साक्ष दिली, तरी तो मासाच ठरला.

तपासणीपुरते ते चालेल. पण रक्ताचे नाते कौल लावून ठरत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. एकटे लक्षण पुरेसे नसते. फुप्फुसमासे हवेत श्वास घेतात, काही शार्क जिवंत पिलांना जन्म देतात, ट्यूनाचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा उष्ण राहतात. देवमाशाचा निकाल लागतो तो एकमेकांशी संबंध नसलेले पुरावे एकाच ठिकाणी येऊन मिळतात म्हणून. मासा शेपूट डावीउजवीकडे हलवतो, देवमासा वरखाली. त्याच्या पुढच्या परात दंडापासून बोटांपर्यंत आपल्या हाताचीच हाडे आहेत. मांसात कमरेच्या हाडांचे अवशेष आहेत, कण्याशी न जोडलेले. डॉल्फिनच्या गर्भाला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि जन्माआधीच विरतात. पोहण्यासाठी या कोंबांचा उपयोग काय? पूर्वज जमिनीवर चालत होते असे मानले, की सगळ्याचा उलगडा एकदम होतो.

ते पूर्वज आपल्याच उपखंडात सापडले. पाकिस्तानातला सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा पाकिसेटस चार पायांचा, पण कानाचे हाड देवमाशाच्या घडणीचे. तशीच घडण जम्मूतल्या कालाकोटच्या इंडोहायसमध्ये असल्याचे २००७ साली दाखवले गेले. आणि इंडोहायस तर हरणा-डुकरांच्या समखुरी गणातला! त्याआधी, २००१ साली, प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड पुढे आले होते. त्याची दोन्ही टोके कप्पीसारखी, म्हणजे समखुरींची ठळक खूण.

डीएनएची तुलना या सगळ्यापेक्षा वेगळ्या वाटेने केली जाते. तिच्यातही आज हयात असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा ठरतो. दुधाचा विषय अजिबात न काढताही हा निष्कर्ष तसाच राहतो.